अर्थशास्त्रज्ञ डॉ. आंबेडकर आणि रुपयाचा प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की राज्यघटनेचे शिल्पकार, महाडच्या सत्याग्रहाचे सेनानी आणि नागपूरच्या धम्मदीक्षेचे प्रवर्तक अशा तीन प्रतिमा आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. या तिन्ही यथार्थ आहेत. परंतु १९१३ ते १९२३ ही ऐन तारुण्याची दहा वर्षे बाबासाहेबांनी ज्या विषयाच्या व्यासंगात वेचली, तो विषय होता सरकारी वित्त आणि चलन. सोन्याचांदीचा व कागदी नोटांचा रूक्ष वाटणारा इतिहास त्यांनी मुळापासून अभ्यासला आणि त्यातून 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ सिद्ध झाला. हा ग्रंथ ग्रंथालयांच्या मेजांवर जन्माला आला. म्हणून एका जुन्या वाचनालयाच्या शताब्दी ग्रंथात त्याची आणि त्याच्या कर्त्याची ही कथा सांगणे उचित ठरावे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे, वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक. मराठी घर आणि जन्म मात्र आजच्या मध्य प्रदेशात, हा योग आपणां सौंसर-पांढुर्णा भागातील मराठी वाचकांना आपुलकीचा वाटेल. सैन्यातून निवृत्त झाल्यावर रामजींनी कुटुंब आधी दापोलीस, मग साताऱ्यास व पुढे मुंबईस नेले. मातोश्री भीमाबाई बाबासाहेबांच्या बालपणीच निवर्तल्या. शाळेत वेगळे बसावे लागणे आणि पाण्यासाठी दुसऱ्याच्या कृपेची वाट पाहणे या अपमानांचे चटके त्यांना लहानपणीच बसले.

रामजींना मुलाच्या शिक्षणाचा ध्यास होता. मुलाने मागितलेले पुस्तक विकत घेण्यास हाती पैसा नसला, तर ते विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना मागून घेत आणि तो गहाण टाकून पुस्तक आणीत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. सोने म्हणजे काय आणि अडचणीच्या वेळी गरिबाच्या घरात त्याचा उपयोग कशासाठी होतो, याचा पाठ बाबासाहेबांना असा घरीच मिळाला होता. पुढे रुपयावरील ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या यशाच्या निमित्ताने कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या साह्याने त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण पार पडले व १९१२ साली ते एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे छत्र हरपले. त्याच वर्षी बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

अमेरिका ते लंडन

कोलंबियात प्रा. एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्ताचे विख्यात अध्यापक त्यांना गुरू म्हणून लाभले. १९१५ साली बाबासाहेब एम.ए. झाले. त्यांच्या पीएच.डी.चा प्रबंध पुढे १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती सांगणारा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला आणि त्याला सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी पोटाला चिमटा घेऊन सुमारे दोन हजार पुस्तके जमविली होती.

१९१६ साली ते लंडनला आले. तेथे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. युद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान ज्या दुसऱ्या जहाजातून येत होते ते शत्रूच्या पाणतीराला बळी पडले आणि पुस्तकांचा मोठा ठेवा समुद्राच्या तळाशी गेला.

बडोद्याच्या नोकरीत त्यांच्या वाट्याला आलेला अनुभव सर्वश्रुत आहे. परदेशी पदव्या घेऊन आलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहावयास खोली मिळाली नाही. मुंबईस परतल्यावर नोव्हेंबर १९१८ पासून ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध केला. केवळ तुकडे जोडून शेती सुधारणार नाही, शेतीवरील माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळला पाहिजे, असे त्यात त्यांनी प्रतिपादिले होते. १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' पत्र निघाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. सार्वजनिक जीवनाचे दार उघडले असतानाही अपुरा राहिलेला अभ्यास त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. पगारातून शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराजांचे साह्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले.

या दुसऱ्या मुक्कामातील त्यांची ज्ञानसाधना प्रत्येक ग्रंथालयाच्या सभासदाने लक्षात ठेवावी अशी आहे. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय ही त्यांची दिवसभराची घरे होती. सकाळी दार उघडताच आत जावे आणि दार लागताना शेवटी बाहेर पडावे, असा त्यांचा क्रम होता. खाणावळीतील न्याहारी तुटपुंजी, दुपारच्या जेवणाला फाटा, रात्री भूक अनावर झाली तर देशाहून आलेले पापड. इकडे मुंबईत रमाबाई अत्यंत ओढग्रस्तीत संसार चालवीत होत्या. ग्रंथात रुपयाच्या क्रयशक्तीवर पाने लिहिणाऱ्या या अभ्यासकाच्या घरी एकेक रुपया किती जपून खर्च होत होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या पानांकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

रुपयाची पूर्वकथा

बाबासाहेबांनी कोणता प्रश्न हाती घेतला होता, हे कळण्यासाठी रुपयाचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

इंग्रजी अमलाच्या आरंभी देशात नाना टांकसाळींची नाणी चालत. आपल्या भागात भोसल्यांच्या काळचा नागपुरी रुपया होता. मोगली पद्धतीत सोन्याची मोहर आणि चांदीचा रुपया दोन्ही चालत, पण त्यांच्यातील भाव कायद्याने जखडलेला नव्हता. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया सर्व ब्रिटिश मुलुखास लागू केला आणि चांदी हेच कायदेशीर चलन ठरविले. चांदी टांकसाळीत न्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, ही मुभा सर्वांस होती. त्यामुळे रुपयाचे मोल त्यातील चांदीच्या मोलाहून फारसे वेगळे होऊ शकत नसे.

१८६१ साली कागदी चलनाचा कायदा झाला. तोवर इलाख्यांच्या बँका आपापल्या नोटा काढीत. आता तो अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. या कायद्यात एक सावधगिरी होती. सरकारी रोख्यांच्या तारणावर चार कोटी रुपयांपर्यंतच नोटा काढाव्यात व त्यापुढील प्रत्येक नोटेमागे तेवढी धातू तिजोरीत असावी, असा दंडक होता. आरंभी नोट फक्त आपल्या मंडळातच कायदेशीर चलन असे, एका मंडळाची नोट दुसऱ्या मंडळात घेण्याचे बंधन कोणावर नव्हते. १९०३ पासून पाच रुपयांची नोट आणि १९१० नंतर दहा, पन्नास व शंभरांच्या नोटा टप्प्याटप्प्याने देशभर ग्राह्य झाल्या. त्यानंतरच कागदावर लोकांचा विश्वास बसू लागला.

मध्यंतरी चांदीवर संकट ओढवले. १८७१ नंतर जर्मनी व पाठोपाठ इतर राष्ट्रे सोन्याच्या चलनाकडे वळली, अमेरिकेतील खाणींतून चांदीचा पूर आला आणि तिचा भाव कोसळला. सुमारे दोन शिलिंगांना पडणारा रुपया १८९२ पर्यंत जेमतेम सव्वा शिलिंगावर आला. हिंदुस्थान सरकारला निवृत्तिवेतन, व्याज इत्यादी विलायती खर्च सोन्यात भागवावा लागे, आणि कर मात्र चांदीच्या रुपयांत येत. ही ओढाताण असह्य झाल्यावर हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार १८९३ साली टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. १८९८ च्या फौलर समितीने पुढचे पाऊल सुचविले. सोन्याचा सॉव्हरिन पंधरा रुपयांस कायदेशीर चलन व्हावा, म्हणजे रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिर व्हावा आणि देशात सोन्याची नाणी चालावीत, अशी तिची योजना होती.

प्रत्यक्षात घडले ते निराळेच. सॉव्हरिन कायदेशीर झाला, पण सोन्याची टांकसाळ काही उघडली नाही. त्याऐवजी लंडनमध्ये सोन्याची गंगाजळी ठेवावी, हुंड्यांच्या विक्रीने विनिमय दर सांभाळावा आणि देशात चांदीचे रुपये व नोटा चालवाव्यात, अशी पद्धत रूढ झाली. तिलाच सुवर्ण-विनिमय चलन म्हणतात. १९१३ साली जॉन मेनार्ड केन्स या तरुण इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात या पद्धतीचा पुरस्कार केला. सोने नाण्यांच्या रूपाने लोकांच्या हाती खेळविणे हा अपव्यय आहे, कुशल व्यवस्थापन असेल तर थोड्या सोन्यावर मोठे चलन सांभाळता येते, असा त्याचा युक्तिवाद होता. चेंबरलेन आयोगाचा तो सदस्यही होता.

महायुद्धाने या कौशल्याची कसोटी घेतली. १९१७ साली चांदी एवढी महागली की रुपयाच्या नाण्यातील धातू दर्शनी किमतीला भिडू लागली. त्या वर्षाच्या अखेरीस एक रुपयाची आणि पाठोपाठ अडीच रुपयांची नोट काढावी लागली. १९१८ साली अमेरिकेने आपल्या साठ्यातील वीस कोटी औंस चांदी देऊ केली. रोख्यांच्या तारणावर काढावयाच्या नोटांची मर्यादा १९१४ साली चौदा कोटी होती, ती १९१९ पर्यंत एकशे वीस कोटींवर गेली. भाव चढले आणि पगारदार व मजूर भरडले गेले. १९२० साली सरकारने रुपयाचा भाव सोन्यातील दोन शिलिंग ठरविला आणि तो टिकविण्यासाठी लंडनवरील सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या हुंड्या विकल्या. तरीही दर कोसळला आणि १९२१ मध्ये रुपया सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयांत बसून टिपणे काढीत होते ते नेमके याच धुमश्चक्रीच्या काळात.

बाबासाहेबांचा सिद्धान्त

या साऱ्या इतिहासातून त्यांनी जे सूत्र शोधले ते असे. कागदी नोटेला कायद्याची मर्यादा होती, मात्र चांदीच्या रुपयाला ती नव्हती. १८९३ नंतर रुपया हे स्वतःच्या धातूच्या बळावर उभे असलेले नाणे राहिले नाही. शतकाच्या आरंभीच्या भावाने त्यात दहा-अकरा आण्यांची चांदी असे, ते चाले मात्र सोळा आण्यांस. म्हणजे तीही एक नोटच होती, फक्त कागदाऐवजी चांदीवर उमटविलेली. अशा नाण्याचे मोल त्याच्या संख्येवर अवलंबून असते. लोकांसाठी टांकसाळ बंद झाली होती, परंतु सरकारसाठी ती सताड उघडी होती. शिवाय प्रत्येक नाण्यामागे सरकारला नफा होता आणि तो सुवर्ण गंगाजळीत जमा होई. १९०७ साली त्या नफ्याचा काही भाग रेल्वेच्या कामी वळविण्याचा निर्णयही झाला. जेथे जास्त नाणी पाडण्यातच लाभ आहे, तेथे हात आखडता घेतला जाईल या भरवशावर राहणे बाबासाहेबांना मान्य नव्हते.

त्यांचा दुसरा मुद्दा अधिक मूलगामी होता. लंडनच्या पेढीत रुपयाला किती पेन्स मिळतात, यावर राज्यकर्त्यांचे सारे लक्ष खिळलेले होते. बाबासाहेबांच्या मते ही कसोटीच चुकीची होती. रुपयाचे खरे मोल देशातील बाजारात त्याला किती धान्य, किती कापड मिळते यावर ठरते. विनिमय दर स्थिर दिसत असताना देशातील भाव वाढत राहिले, तर त्या स्थैर्याचा सामान्य माणसाला काहीच उपयोग नाही. क्रयशक्ती स्थिर झाली की विनिमय दर आपोआप ताळ्यावर येईल, उलट क्रमाने मात्र ते साधणार नाही, असे त्यांचे मत होते.

म्हणून त्यांनी सुचविलेला उपाय अगदी सरळ होता. रुपयाची नवी नाणी पाडणे लोकांप्रमाणेच सरकारलाही पूर्णपणे बंद करावे, रुपयांच्या संख्येला कायमची मर्यादा घालावी, आणि वाढत्या व्यापाराची गरज सोन्याच्या नाण्याने भागवावी. केन्ससारख्या विद्वानाच्या मताविरुद्ध तिशी नुकतीच ओलांडलेल्या एका हिंदी विद्यार्थ्याने केलेली ही मांडणी होती. कुशल कारभाऱ्याच्या शहाणपणावर विश्वास टाकावा की कायद्याच्या मर्यादेवर, हा त्या वादाचा गाभा होता. ज्या समाजात ते जन्मले त्या समाजाने पिढ्यान्पिढ्या इतरांच्या मर्जीवर जगण्याची किंमत मोजली होती. सत्ताधाऱ्याच्या सद्‌बुद्धीपेक्षा नियमाचे कुंपण भले, हा त्यांचा कौल म्हणूनच विशेष अर्थपूर्ण वाटतो.

१९२२ च्या ऑक्टोबरात प्रबंध विद्यापीठाकडे गेला. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. ब्रिटिश कारभारावरील टीकेची धार त्यांना सोसली नाही, असे चरित्रकार सांगतात. पैसे संपत आले होते, १९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांना मुंबईस परतावे लागले. तेथून त्यांनी मांडणी सुधारून प्रबंध पुन्हा धाडला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली आणि डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग आणि मंडळीने ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. सर्व मते आपल्याला पटत नाहीत हे त्यांनी तेथेच मोकळेपणी सांगितले आणि तरीही शिष्याच्या स्वतंत्र विचाराचे कौतुक केले. गुरु-शिष्यांच्या नात्याचा हा एक आदर्शच मानावा लागेल.

आयोगापुढील साक्ष

१९२५ साली हिंदी चलनाच्या चौकशीसाठी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी त्यापुढे साक्ष दिली. त्या वेळी ते चौतीस वर्षांचे होते. टांकसाळ रुपयासाठी पूर्ण बंद करावी, सोन्याच्या योग्य नाण्यासाठी ती उघडावी, दोहोंतील प्रमाण कायद्याने ठरवावे आणि दोन्ही चलने त्या प्रमाणात चालावीत, पण सरकारवर एकाच्या बदल्यात दुसरे देण्याचे बंधन नसावे, ही त्यांची चतुःसूत्री होती.

रुपया एक शिलिंग चार पेन्स असावा की सहा पेन्स, हा त्या काळचा गाजलेला वाद. निर्यात करणारे व्यापारी व गिरणीमालक स्वस्त रुपयाच्या बाजूचे होते आणि तीच राष्ट्रीय बाजू मानली जाई. बाबासाहेबांनी या वादात एक अप्रिय प्रश्न विचारला. स्वस्त रुपयाचा लाभ नेमका कोणाला होतो? भाव वाढतात तेव्हा मजुरी त्यांच्या मागून, रखडत वाढते. तेव्हा धंदेवाल्याला जो नफा दिसतो तो परदेशातून येत नाही, तो आपल्याच देशातील मजुराच्या ताटातून काढलेला असतो, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्या भागातील कापूस लिव्हरपूलच्या भावाशी बांधलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाला दोन बाजू होत्या हेही उमगते. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला स्वस्त रुपयाने चार पैसे जास्त मिळत, पण त्याच्याच शेतात निंदणी करणाऱ्या मजूर बाईला ज्वारी महाग पडे. चलनाच्या निर्णयात पारडे कोणाच्या बाजूने झुकते हे स्पष्ट सांगितले पाहिजे, एवढा बाबासाहेबांचा आग्रह होता.

आयोगाचा अहवाल १९२६ मध्ये आला. सोन्याच्या नाण्याची कल्पना त्याने स्वीकारली नाही. १९२७ च्या कायद्याने रुपया एक शिलिंग सहा पेन्सांवर ठरला आणि सोन्याचा भाव तोळ्याला एकवीस रुपये, तीन आणे, दहा पै धरला गेला. मात्र सरकारकडून सोने मागावयाचे तर ते १०६५ तोळ्यांहून कमी मागता येत नसे, म्हणजे सुमारे साडेबावीस हजार रुपये हाती हवेत. त्यातही सोने द्यावे की लंडनवरील स्टर्लिंग, हे सरकारच्या मर्जीवर होते. सामान्य माणसाच्या दृष्टीने असले सुवर्णचलन मृगजळाहून वेगळे नव्हते.

याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ साली झाला व १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. ही बँक बाबासाहेबांच्या ग्रंथातून जन्मली, असे अनेकदा म्हटले जाते. हे विधान भक्तिभावाचे असले तरी जपून करावयास हवे. मध्यवर्ती बँकेची चर्चा चेंबरलेन आयोगाच्या वेळेपासून चालू होती, आयोगापुढे साक्षीदारही पुष्कळ होते आणि बाबासाहेबांच्या निवेदनाचा भर टांकसाळ व मर्यादा यांवर होता. त्यांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी अशा आधाराची गरज नाही. एक स्वतंत्र, निर्भय आणि साधार विचार त्यांनी दिला, हे श्रेय पुरेसे आहे.

अर्थशास्त्राकडून लोककारणाकडे

१९२७ सालचा मार्च महिना बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक वळण म्हटला पाहिजे. दिल्लीच्या कायदेमंडळात रुपयाच्या दराचा निकाल लागत होता आणि त्याच महिन्यात ते महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेत होते. यापुढे अर्थशास्त्राचा व्यासंग मागे पडला, पण दृष्टी सुटली नाही. त्याच फेब्रुवारीत मुंबईच्या कायदे कौन्सिलातील अंदाजपत्रकावरील भाषणात त्यांनी विचारले होते, की व्यापाऱ्याला ठराविक उत्पन्नापर्यंत प्राप्तिकर माफ असताना, दोन बिघ्यांच्या शेतकऱ्याकडून मात्र जमीनदाराच्याच दराने सारा का घ्यावा. १९३७ सालचे खोती नष्ट करण्याचे विधेयक, १९३८ सालचा कामगारांचा संप, १९४२ ते १९४६ या काळातील व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते, ही सारी त्याच विचाराची पुढची पावले होती.

सुवर्णचलनाचा शेवट जवळून पाहण्याचा योगही त्यांच्या वाट्याला आला. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सोन्याशी असलेला पौंडाचा संबंध तोडला, तेव्हा बाबासाहेब दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्येच होते. रुपया पौंडाच्या मागे बांधला गेला, सोन्याचा भाव चढला आणि मंदीने गांजलेल्या शेतकऱ्यांच्या घरांतील दागिने बाजारात येऊन बोटींतून विलायतेस जाऊ लागले. रामजींनी पुस्तकासाठी मुलीचा दागिना गहाण टाकला होता. आता देशभरचे मायबाप कर्जासाठी आणि साऱ्यासाठी दागिने कायमचे विकीत होते.

१९४७ साली त्यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली. १९२३ नंतरचा चलनाचा इतिहास दुसऱ्या खंडात लिहिण्याचा मनोदय त्यांनी त्या वेळी व्यक्त केला होता. परंतु त्याच ऑगस्टमध्ये राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तो दुसरा खंड लिहिला गेला नाही. त्याऐवजी केंद्र व राज्यांच्या वित्तीय संबंधांची, वित्त आयोगाची आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकाची तरतूद असलेली राज्यघटना त्यांच्या हातून आकारास आली. तरुणपणी प्रांतिक वित्तावर प्रबंध लिहिणाऱ्या अभ्यासकाला ही कलमे परकी नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

काळाचा निवाडा

इतिहासाने बाबासाहेबांचा उपाय स्वीकारला नाही, हे मान्य केले पाहिजे. सोन्याचे नाणे आले नाही. १९५६ सालीच रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन नोटांच्या ठराविक प्रमाणात सोने व परकीय रोखे राखण्याचे बंधन गेले आणि किमान साठ्याची पद्धत आली. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेने परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबविले आणि जगातील चलनांचा सोन्याशी उरलेला धागाही तुटला. आज साऱ्या जगात व्यवस्थापित कागदी चलन आहे, आणि या अर्थी विजय केन्सचा झाला.

परंतु बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न मात्र जिवंत राहिला. व्यवस्थापकाला आवर कोणी घालावयाचा? नोटा छापण्याची सत्ता ज्याच्या हाती, त्याची मर्यादा कोणती? २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात सुधारणा होऊन भाववाढीचे लक्ष्य ठरविण्याची तरतूद झाली आणि ते चार टक्के, दोन टक्के अधिक-उणे, असे निश्चित करण्यात आले. ही मर्यादा नाण्यांच्या संख्येची नाही, भावांची आहे. पण रुपयाची कसोटी त्याच्या क्रयशक्तीवर घ्यावी आणि तिला कायद्याचे कुंपण असावे, हा विचार १९२३ सालच्या त्या ग्रंथाशी नाते सांगतो.

त्या ग्रंथालाही आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात तो पुन्हा उपलब्ध करून दिला. घटना, समाजक्रांती आणि धम्म या विषयांवरील त्यांची पुस्तके वाचक आवर्जून मागतात, हा खंड मात्र बहुधा कपाटात कोराच राहतो. लंडनच्या ज्या मेजावर उपाशीपोटी बसून तो ग्रंथ लिहिला गेला, ते मेज कोणाच्या मालकीचे नव्हते. सार्वजनिक ग्रंथालयाचे ते मेज ज्याला वाचावयाचे आहे त्या प्रत्येकाचे होते, आणि तेथे बसण्यासाठी त्यांना कोणाची जात आडवी आली नाही. आपल्या वाचनालयाचे मेजही असेच सर्वांचे राहो, आणि सभासदांपैकी कोणी तरुण अभ्यासक हा खंड एकदा घरी नेवो, एवढीच या शताब्दीच्या निमित्ताने अपेक्षा.